माझ्यासमोर नको

आंबवडे हे भोरच्या पुढचं एक लहानसं गाव. पुण्याहून निघालं की कापूरहोळला महामार्ग सोडायचा, भोर ओलांडायचं आणि आणखी थोडं पुढे जायचं. एवढ्याशा गावात इतिहास मात्र ठासून भरलाय. नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत, शिवाय भोरच्या पंतसचिवांचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांचीही समाधी इथेच. वीकांताला मला अशा जागा आवडतात, कारण सगळी गर्दी तिकडे सिंहगडावर भजी खात असते.

तर मागच्या पावसाळ्यात तिथे गेलो असताना पुलाजवळ एक प्रसंग पाहिला. साठीतले एक काका बिडी ओढत बसले होते. तेवढ्यात वरच्या अंगाने एक खूपच म्हातारे आबा काठी टेकत येताना दिसले. काकांनी झटकन बिडी मुठीत उलटी धरली आणि हात पाठीमागे नेला. धूर त्यांच्या खांद्यामागून वर येत होता तो येतच होता! आबांनी बऱ्याच लांबून एकदा खाकरलं आणि इकडे न बघता निघून गेले. शेजारीच पुण्याहून आलेली दोन पोरं उभी होती. त्यातल्या एकाने गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं काहीतरी तोंडाला लावलं आणि भला मोठा पांढरा ढग सोडला.

"काय रं, पेन हाय का पिपाणी?" काकांनी विचारलं.

"व्हेप आहे काका. धूर नाही, वाफ आहे."

"आंब्याचा वास येतोय की."

"हो, फ्लेवर असतो."

"वास ब्येस हाय. पर आबा समोरनं चाललं हुतं नव्हं?"

पोराला प्रश्नच कळला नाही. "पण वास चांगला आहे ना?" असं तो पुन्हा म्हणाला. काका पुढे काही बोलले नाहीत.

मला मात्र हा संवाद घरी येईपर्यंत पुरला. दोघंही सार्वजनिक जागी कसं वागावं याबद्दलच बोलत होते, पण दोन वेगळ्या काळांतले नियम धरून. काकांचा नियम होता 'कोणासमोर ओढतोस?' पोराचा होता 'त्रास होतोय का?' आणि गंमत म्हणजे व्हेप नावाची वस्तू या दोन्ही नियमांच्या फटीतून अलगद बाहेर पडते. कशी, ते बघू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे चारशे वर्षं. :)

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली हे शाळेत शिकलेलो असतो. दरबारात ती कशी पोहोचली याची हकीकत मात्र फार मजेदार आहे. अकबराने असद बेग नावाच्या सरदाराला वकील म्हणून विजापूरला पाठवलं होतं. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत त्याने ती कधी पाहिलेली नव्हती. १६०४-०५ च्या सुमारास परत जाताना त्याने तंबाखू आणि एक रत्नजडित नळी बरोबर नेली आणि इतर नजराण्यांसोबत बादशहासमोर ठेवली. अकबराने कौतुकाने दोन-चार झुरके घेतले. हकीम अस्वस्थ! आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत ह्याचा कुठेच उल्लेख नाही, तेव्हा बादशहांनी हे घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेगचा युक्तिवाद असा की जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीनच होती. व्हेपच्या बाजूने आणि विरुद्ध आज जे वाद होतात ते काढून बघा, चारशे वर्षांत फारसा फरक नाही. अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही, पण दरबारी मंडळींनी असद बेगकडे रांग लावली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूबंदी केली. ती कितपत चालली, हे मोगलांच्या चित्रांतले हुक्के पाहिले की कळतं.

विजापूर म्हणजे आदिलशाही आणि आपलं मावळही पुढे आदिलशाहीच्या अमलाखाली आलं. दरबारी हुक्का इकडच्या डोंगरात आला नाही, आली ती चिलीम. चिलमीचे नियम हा एक स्वतंत्र विषय आहे. तिला खालच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. निखारा गार व्हायच्या आत चिलीम फिरली पाहिजे, एकाने धरून बसायचं नाही. कोणाची चिलीम कोणी ओढायची हे जातीवर ठरायचं, ते वेगळंच. म्हणजे धूर एकच, हवा एकच, पण छापी वेगळी. शेजारी बसलेल्याच्या नाकात काय जातंय हा मुद्दा त्यात कुठेही नव्हता. ओठ कशाला लागतात हा होता.

त्या काळात दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानाचा विचार कोणी केला असेल तर तो शिवाजी महाराजांनी! चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती, तिथल्या अंमलदारांना पाठवलेलं १६७० च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, असा ज्याचा आशय नेहमी सांगितला जातो, तेच हे पत्र. त्यात आगीबद्दल बारीक सूचना आहेत. कोणी स्वयंपाकाला चूल पेटवेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, जवळ गवत पडलंय, वारा सुटलाय हे ध्यानात न घेता, आणि मग एकाच्या बेफिकिरीने सगळी पागा जळेल. रात्री तेलाची पेटती वात उंदीर ओढून नेतील, इथपर्यंत विचार केलेला आहे. (आमच्याकडे ह्याला 'एज केस' म्हणतात आणि त्या कोणी लिहून ठेवत नाही.) तंबाखू वाईट की चांगली, थोरांसमोर ओढावी की नाही, ह्यावर पत्रात एक शब्द नाही. तुझ्या विस्तवाने दुसऱ्याचं काय होईल, एवढंच.

हा विचार पुढे आपल्या अंगात मुरला नाही. मुरला तो मान. वडलांसमोर ओढायची नाही, सासऱ्यासमोर नाही, मास्तरांसमोर नाही. चाळिशीतला, दोन मुलांचा बाप झालेला माणूस बिडी ओढायला गोठ्यामागे जायचा. वडलांना ठाऊक असायचं, गावाला ठाऊक असायचं, म्हशीला तर असायचंच. पण हे एकतर्फी नव्हतं, आणि मला तोच त्यातला सुंदर भाग वाटतो. मोठ्या माणसाने लांबूनच खाकरायचं, म्हणजे धाकट्याला बिडी विझवायला वेळ मिळतो. त्याने लपवल्यासारखं करायचं, ह्यांनी न पाहिल्यासारखं करायचं. दोन्ही बाजूंनी पाळायचा करार. आंबवड्याच्या आबांनी खाकरलं ते उगीच नाही!

बायकांचा करार आणखी वेगळा. त्यांनी बिडी ओढली तर गावभर चर्चा, पण मशेरी लावली तर कोणी मान वर करून बघत नसे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी दाराशी बसून बोटाने दातांना चोळायची. नाव दात घासण्याचं, तलफ तंबाखूची. धूर नाही, म्हणजे दिसत नाही, म्हणजे चालतं. सभ्य व्यसन कसं दिसावं याचा जो नियम तेव्हा ठरला, त्यात व्हेप अगदी चपखल बसतं. आजच्या पोरापोरींना वाटतं आपण काहीतरी नवीन करतोय...

मानाचा हा धागा किती चिवट आहे बघा. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची 'संभाजी बिडी' कित्येक दशकं महाराष्ट्रात विकली जात होती. २०२० साली तिच्या नावाविरुद्ध मोठं आंदोलन झालं, छत्रपतींचं नाव आणि चित्र बिडीच्या बंडलावर आणि मग गटारात, हे सहन होणार नाही, म्हणून. कंपनीने पुढे नाव बदलून 'साबळे बिडी' केलं. मागणी योग्यच होती, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या सगळ्या वादात बिडी वळणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांबद्दल किंवा ओढणाऱ्याच्या मांडीवर बसलेल्या नातवाबद्दल कितीसं बोललं गेलं?

नातवाचं म्हणतोय ते मुद्दाम. मानाच्या करारातला सगळ्यात मोठा दोष तोच. धाकट्याने थोरल्यासमोर ओढायची नाही, पण थोरल्याने धाकट्यासमोर ओढायला काहीच हरकत नव्हती. आजोबांच्या मांडीवर नातू आणि हातात बिडी, ह्यात कोणाला काही खटकत नसे. धूर नेहमी वरून खाली सोडायचा, खालून वर नाही.

याला पहिला छेद दिला रेल्वेने. १८९० च्या रेल्वे कायद्याचं ११० वं कलम माझं लाडकं आहे. धूम्रपानासाठी खास राखलेला डबा नसेल, तर सहप्रवाशांच्या संमतीशिवाय डब्यात धूम्रपान करायचं नाही. दंड वीस रुपयांपर्यंत. तेव्हा मजुराला महिन्याला एवढी कमाई होत नसे. पण दंडापेक्षा 'संमती' हा शब्द बघा. सहप्रवासी म्हणजे कोण? तुमचा बाप नाही, मास्तर नाही. तुमच्यापेक्षा लहान असेल, परका असेल, कुठल्याही जातीचा असेल. त्याला आधी विचारायचं! प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाच्या खच्चून भरलेल्या डब्यात कोण कोणाला विचारत असेल हे सांगायला नको. तरीही कागदावर का होईना, माणसाचा दर्जा न बघता त्याच्या नाकाला किंमत दिली गेली.

आता गंमत पुढे. हा कायदा जाऊन १९८९ चा नवा रेल्वे कायदा आला. त्यातलं १६७ वं कलम म्हणतं की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करायचं नाही, दंड शंभर रुपयांपर्यंत. फरक लक्षात आला? १८९० मध्ये ओढणाऱ्याने आधी विचारायचं होतं. १९८९ मध्ये शेजाऱ्याने तोंड उघडायचं होतं. आमच्या भाषेत ऑप्ट-इनचं ऑप्ट-आउट झालं. सगळ्यांसाठीची बंदी रेल्वे घालू शकेल अशी सोय त्याच कलमात होती हे खरं, पण मूळ नियमात ओझं सरकलं ते गप्प बसणाऱ्यावर. आणि आपल्याकडे गप्प बसणारे म्हणजे कोण? बाई, पोर, म्हातारा आजारी माणूस. हरकत घ्यायला आवाज लागतो, आणि आवाज सगळ्यांना सारखा मिळालेला नसतो.

हे ओझं उचललं गेलं ते मुंबईच्या माणसामुळे. मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश निघाला आणि रुग्णालयं, शाळा, वाचनालयं, कचेऱ्या, सभागृहं, रेल्वेसकट सगळी सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपानाला मनाई झाली. आधार घेतला घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावं, हा तिथला सवाल. मग २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८, गांधीजयंतीपासून लागू झालेले कडक नियम. दोनशे रुपये दंड. फलक किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा. त्या जागी राखपात्र, काडेपेटी, लायटर काही पुरवायचं नाही. संमती विचारायची गरज नाही, हरकत घ्यायचीही नाही, फलकाकडे बोट दाखवलं की झालं. लाजाळू माणसासाठी ह्याहून मोठी सोय नाही.

आमच्या हापिसांत याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मी नोकरीला लागलो तेव्हा इमारतीतच काचेची एक खोली असायची, आतले लोक धुरात पोहणाऱ्या माशांसारखे दिसायचे. पुढे सगळे फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. आणि टपरीवर जो मानाचा करार गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकला होता तो पाच वर्षांत संपला. कालचा लागलेला पोरगा प्रोजेक्ट मॅनेजरच्या सिगरेटला लायटर धरायला लागला! इथे थोरल्यासमोर लपवणं तर सोडाच, थोरल्यासोबत ओढणं हीच बढतीची पायरी. कोण परदेशी जाणार, कोणता प्रकल्प बंद पडणार, हे आधी टपरीवर ठरायचं, मग मीटिंगमध्ये कळायचं. मी नुसता चहा पिणारा, त्यामुळे मला सगळ्या बातम्या एक कटिंग उशिरा मिळाल्या. असो.

आता व्हेप. ही वस्तू आजच्या रूपात २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने आणली. आत छोटी बॅटरी, तापणारी तार, आणि ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सुगंध व निकोटिन यांचा द्रव. जळत काही नाही, म्हणून धूर नाही हे खरं. पण वाफ म्हणजे चहाची वाफ नव्हे. हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि त्यांत निकोटिन असतं. सिगरेटच्या धुरापेक्षा त्यात विषारी पदार्थ कमी, पण म्हणजे शुद्ध हवा नाही.

जगाने ह्याचं काय करायचं ते वेगवेगळं ठरवलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्याने २०१६ मध्ये कचेऱ्यांना सल्ला दिला की व्हेपला सिगरेटच्या नियमांत सरसकट बसवू नका, सिगरेट सोडू पाहणाऱ्याला त्याने मदत होते. तिथे रेल्वे कंपन्यांनी मात्र आपापली बंदी घातली. तिकडे राहणारा माझा एक मित्र सांगतो की कोणाच्या घरी गेलं की 'चालेल का?' असं विचारून मगच ओढायची पद्धत आता रुळली आहे. म्हणजे फिरून १८९० ची संमतीच की! एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तिथे १ जून २०२५ पासून बंदी आली, ती कचऱ्यामुळे आणि शाळकरी मुलांमुळे.

आपण सरळ सगळंच बंद केलं. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम, त्याच डिसेंबरात कायदा. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी महाराष्ट्राने हुक्का पार्लरं बंद केली होती, २०१८ मध्ये. डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत चौदा माणसं गेली आणि अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलेलं होतं. चिपळूणच्या पत्रातली भीती साडेतीनशे वर्षांनी गच्चीवर खरी झाली.

बंदीच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. शाळेतली पोरं आंब्याच्या आणि बबलगमच्या वासाने निकोटिनला लागत असतील तर काहीतरी करायलाच हवं होतं. पण २०१९ च्या कायद्यात एक विचित्र रिकामी जागा राहिली. विकण्या-साठवण्याची एवढी मोठी यादी आहे आणि ओढण्याचा, म्हणजे चार माणसांत ढग सोडण्याचा, तिच्यात उल्लेखच नाही. वस्तूच देशात नसणार, मग ती कुठे ओढावी हे कशाला लिहायचं? वस्तू मात्र आहे. आमच्या हापिसात ती पेन ड्राइव्हसारखी दिसते आणि लॅपटॉपला लावून चार्ज होते, सुरक्षारक्षकाला पत्ता लागत नाही. जिन्यात, पडदे ओढलेल्या मीटिंगरूममध्ये, स्वच्छतागृहात वास येतो आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, कोणी आंबा कापला का?"

सिगरेटवाल्याला 'बाहेर जाऊन ओढ' म्हणता येतं, कारण बाहेर ओढायला परवानगी आहे. व्हेपवाल्याला काय म्हणणार? बाहेरही बंदीच आहे. म्हणजे एकतर पोलिसात जा, नाहीतर गप्प बसा, मधलं वाक्यच शिल्लक नाही. शिष्टाचार तयार व्हायला ती गोष्ट उघड व्हावी लागते. चिलमीला छापी आली, बिडीला खाकरणं आलं, सिगरेटला फलक आला. व्हेपला यातलं काहीच मिळालं नाही, आणि वास गोड, राख नाही, थोटूक नाही, म्हणून लपवायलाही कष्ट नाहीत. काकांच्या मुठीत बिडीचा चटका बसत होता तरी त्यांनी ती धरून ठेवली होती. तो चटका हीच त्या नियमाची किंमत होती.

हे सगळं डोक्यात असताना यंदाच्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन मुंबईहून पुण्याला येत होतो, खाजगी एसी बसने. आत्या ऐंशीची, दम्याचा पंप पर्समध्ये. खिडक्या बंद. पनवेल सोडलं आणि पुढच्या सीटवरून स्ट्रॉबेरीचा ढग आला. आत्या खोकायला लागली. मी क्लीनरला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, सिगरेट असती तर उतरवला असता. ही वाफ आहे." मी त्याला कायद्याचं कलम सांगायच्या तयारीत होतो. तेवढ्यात आत्याने पुढे वाकून त्या पोराच्या खांद्याला हात लावला.

"बाळ, मला दमा आहे रे. माझ्यासमोर नको."

त्याने दचकून मागे पाहिलं, "सॉरी आजी" म्हणाला आणि ती वस्तू बॅगेत टाकून चेन लावली. लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा तो उतरून पार पलीकडच्या कुंपणाशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आत्या खिडकीतून बघत होती. म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय. मोठ्यांचा मान ठेवतो."